दात पांढरे करायचेत? लग्नाच्या तीन महिने आधी सुरुवात करा

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. "मॅडम, पुढच्या रविवारी हळद आहे. तोवर दात पांढरे होतील ना?" कधी नवरी विचारते, कधी तिची आई, हल्ली नवरदेवही विचारतात. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मला तेच सांगावं लागतं: होतील थोडेफार, पण तुम्ही तीन महिने आधी यायला हवं होतं.

हा लेख त्या तीन महिन्यांसाठी आहे. ज्यांनी दात पांढरे करून घेण्याचा विचार पहिल्यांदाच केलाय, ज्यांना कुठून सुरुवात करायची ते कळत नाही आणि ज्यांना मनातून भीती वाटते की यात दात खराब तर होणार नाहीत, त्यांच्यासाठी.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. लग्न दीड महिन्यावर आलेलं. मोबाइलवर बघून ती रोज सकाळी दातांवर लिंबाची फोड चोळायची आणि वरून खाण्याचा सोडा घासायची. असे वीस दिवस. पहिले दोन-तीन दिवस दात उजळ दिसले, म्हणून तिने आणखी जोर लावला. माझ्याकडे आली तेव्हा माठातलं पाणीसुद्धा तिला सोसत नव्हतं. वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या आणि हिरडीजवळचा भाग पहिल्यापेक्षा जास्त पिवळा झाला होता. "मी पांढरे करायला गेले होते हो," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. एनॅमल म्हणजे काय, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून आपण तिथूनच सुरू करू.

एनॅमल: एकदाच मिळणारं कवच

दाताचं बाहेरून दिसणारं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते आणि हिरडीकडे येता येता ते अगदी पातळ होत जातं. हाड मोडलं तर सांधतं, कातडी कापली तर भरून येते. एनॅमलचं तसं नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. त्यामुळे झिजलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही, मग पेस्टच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना नवी वाटते. एनॅमल खडूसारखं पांढरं नसतं, दुधी काचेसारखं किंचित पारदर्शक असतं. त्याच्या खाली डेंटिन नावाचा थर असतो आणि तो मुळातच पिवळसर. आपल्याला दिसतो तो दाताचा रंग म्हणजे बराचसा त्या काचेआडून दिसणारा डेंटिनचा रंग. काच पातळ झाली की आतला पिवळेपणा जास्त दिसणार. म्हणजे जो माणूस दात घासून घासून पांढरे करायला जातो, तो ते दरवर्षी थोडे आणखी पिवळे करत असतो.

आपल्या मराठीत एक नेमका शब्द आहे, दात आंबणे. लहानपणी मीठ लावून कैरी खाल्ली, चिंचा खाल्ल्या की दात आंबायचे. दातावर दात फिरवला तर खरखरीत लागायचं, भाकरीचा तुकडासुद्धा चावायला नको वाटायचा. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या घरात असतो. त्यानंतर लाळ आपलं काम सुरू करते. ती आम्ल धुऊन काढते आणि स्वतःजवळचं कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परत देते. म्हणूनच कैरी खाल्लेल्या दिवशी रात्रीपर्यंत दात पुन्हा बरे वाटतात.

पण दात आंबलेले असतानाच, म्हणजे वरचा थर मऊ पडलेला असतानाच, त्यावर सोडा, मीठ, कोळशाची पूड किंवा नुसता ब्रशही जोरात घासला, तर तो थर निघूनच जातो. लाळेला परत द्यायला जागाच उरत नाही. त्या मुलीने रोज सकाळी आधी दात आंबवले आणि लगेच खरवडले. वीस दिवस.

पहिली पायरी: आपला पिवळेपणा कोणता, ते ओळखा

सकाळच्या उजेडात खिडकीशी आरसा घेऊन बसा. बाथरूमच्या दिव्याखाली रंग फसवतो. स्वच्छ फडक्याने पुढचे दात पुसून कोरडे करा आणि नीट बघा.

डाग दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळे दिसत असतील तर ते बहुधा वरचे आहेत. आपल्या पुण्यात यातला मोठा वाटा चहाचा. सकाळी घरचा, अकरा वाजता ऑफिसखालच्या अमृततुल्यचा, चारला परत एक. चहातले टॅनिन दातावरच्या पातळ थराला धरून बसतात. तंबाखू, पान, सिगारेट यांचे डागही असेच. घरातल्या आज्या मिशेरी लावत असतील तर हिरडीलगत काळी रेघच असते. (मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. ती लावणाऱ्या प्रत्येक आजीला मी दातांआधी गाल आणि जीभ दाखवायला सांगते, कारण तिथे तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. दातांचा रंग नंतर बघू.) क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरला तरी तपकिरी डाग पडतात. हे सगळे वरचे डाग साध्या सफाईने निघतात. त्यांना ब्लीचिंग, म्हणजे जेल लावून दाताचा आतला रंग उजळवणं, लागत नाही.

दात डागाळलेले नाहीत, पण सगळेच सारखे पिवळसर आहेत आणि वयाबरोबर जास्त होत चाललेत, तर तो आतला रंग. वयानुसार एनॅमल झिजतं आणि डेंटिन जाड व गडद होत जातं. ब्लीचिंगचा सगळ्यात चांगला उपयोग यांनाच होतो.

एकच दात करडा किंवा काळपट पडला असेल तर थांबा. लहानपणी सायकलवरून पडल्याचं आठवतंय का, ते आठवून बघा. मार लागून आतली नस मेली की दात असा काळवंडतो. त्याला एक्स-रे लागतो, बहुतेक वेळा रूट कॅनल लागतं आणि मग तो दात आतून पांढरा करता येतो. बाहेरून कितीही जेल लावलं तरी तो इतर दातांशी जुळत नाही.

दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, पट्टे किंवा तपकिरी चट्टे असतील तर ते फ्लोरोसिस असू शकतं. शिकायला पुण्यात आलेल्या मुलामुलींमध्ये मला हे पुष्कळ दिसतं, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या. बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, ते पाणी पिण्यात आलं असेल, तर एनॅमल घडतानाच त्यात दोष राहतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. ही मुलं वर्षानुवर्षं ओठ मिटून हसतात. आपण दात नीट घासले नाहीत म्हणून हे झालं, असं त्यांना सांगितलेलं असतं, आणि ते साफ खोटं आहे. यांनी दुकानातून आणलेलं ब्लीचिंग स्वतः लावू नये. सुरुवातीला पांढरे ठिपके आणखीच उठून दिसतात. वरचा अगदी पातळ थर औषधाने घासणं, ठिपक्यात राळेसारखं द्रव्य मुरवणं, त्याच्या जोडीला हलकं ब्लीचिंग, असे मार्ग आहेत, पण ते डॉक्टरांनी दात पाहून ठरवायचे असतात.

लहानपणी टेट्रासायक्लिन नावाचं औषध पोटात गेल्यामुळे आलेले राखाडी पट्टेही असेच आतले. ते हळूहळू उजळतात, पण दोन आठवड्यांत नाही. त्याला कित्येक महिने लागतात आणि तेवढा धीर लागतो.

दुसरी पायरी: तपासणी आणि सफाई

तीन महिने आधी या म्हणते ते यासाठी. दाताला कीड असेल, सिमेंट गळालेलं असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, दाताला तडा असेल, तर पेरॉक्साइड, म्हणजे ब्लीचिंगच्या जेलमधलं औषध, लावायची ती वेळ नव्हे. ते कीड लागलेल्या जागेतून सरळ आत उतरतं आणि जी कळ येते ती माणूस विसरत नाही.

आधी किटण काढून घ्या. "सफाई केली की दात हलायला लागतात" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. होतं असं, की दातांमधल्या फटी किटणाने भरलेल्या असतात आणि हिरड्या सुजलेल्या असतात. किटण निघालं, सूज उतरली की फटी मोकळ्या दिसतात, जिभेला वेगळं लागतं आणि काही दिवस गार पाणी झोंबतं. दात हलत असले तर ते किटणाने हाड खाल्ल्यामुळे, ते काढल्यामुळे नव्हे. सफाईचं यंत्र कंपनांनी किटण फोडतं. नीट वापरलं तर त्याने एनॅमल निघत नाही.

सफाईनंतर आठ-दहा दिवस थांबा, हिरड्या बसू द्या आणि मग पुन्हा आरसा घ्या. कितीतरी जण या टप्प्यावर खूश होतात आणि पुढे जातच नाहीत. मला त्याचा आनंदच होतो. तुमच्यातल्या कुणाला इथेच थांबावंसं वाटलं तर जरूर थांबा.

कुठे जायचं? ओळखीचे दंतवैद्य असतील तर तेच बरे, त्यांना तुमचे जुने दात माहीत असतात. खर्चाची चिंता असेल तर डेंटल कॉलेजची ओपीडी हा फार चांगला पर्याय आहे आणि पुणेकर तो विसरतात. धनकवडीला भारती विद्यापीठाचं, पिंपरीला डी. वाय. पाटील यांचं, वडगावला सिंहगडचं, आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, अशी कॉलेजं शहरात आहेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. ब्लीचिंगचं काम कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री विभागात होतं. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात.

ब्यूटी पार्लरमध्ये, मॉलमधल्या खुर्चीवर किंवा लग्नाच्या मेकअपच्या पॅकेजमध्ये "टीथ व्हाइटनिंग" घेऊ नका. तिथे कीड, तडा, हिरडी बघणारं कुणी नसतं आणि तोंडात काय लावलं जातंय ते सांगणारंही नसतं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे पुढे ढकलावं. अठराच्या आतल्या मुलांचंही करू नये, त्यांची नस मोठी असते आणि दात अजून पक्के होत असतात. ज्यांना वारंवार आंबट ढेकर येऊन घशाशी येतं, त्यांनी आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जावं. पोटातलं आम्ल रोज दातांवर येत असेल तर एनॅमल आधीच पातळ झालेलं असतं.

तिसरी पायरी: घरी ट्रे की दवाखान्यात खुर्चीवर?

दोन्हीकडे काम पेरॉक्साइडच करतं. ते एनॅमल खरवडत नाही. ते एनॅमलमधून झिरपून डेंटिनपर्यंत जातं आणि तिथे रंग देणारे मोठे रेणू फोडून लहान, बिनरंगाचे करतं. धोब्याने डाग घासून काढणं आणि उन्हाने कापडाचा रंग उडणं, यांत जो फरक आहे तसाच हा.

घरच्या पद्धतीत डॉक्टर तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ, पारदर्शक ट्रे बनवून देतात आणि सोबत कार्बमाइड पेरॉक्साइडचं जेल. १९८९ साली अमेरिकेत हेवूड आणि हेमन यांनी ही रात्रभर ट्रे लावण्याची पद्धत मांडली आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतरही १० टक्क्यांचं जेल सगळ्यात सुरक्षित मानलं जातं. १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड म्हणजे प्रत्यक्षात सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. साधारण दोन ते तीन आठवडे लागतात.

दवाखान्यातल्या पद्धतीत २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. आधी हिरड्यांवर घट्ट होणारं संरक्षक द्रव्य लावतात, मग दातांवर जेल, ते काढायचं, पुन्हा लावायचं. तासा-दीड तासात फरक दिसतो. निळा दिवा किंवा लेझर जोडीला असला की किंमत वाढते, पण काही आठवड्यांनी पाहिलं तर दिव्यामुळे फारसा जास्त फायदा झालेला दिसत नाही. खुर्चीवरून उठताना दात जितके पांढरे दिसतात त्यातला थोडा भाग दात कोरडे पडल्यामुळे असतो. दोन-चार दिवसांत लाळेने ते ओले झाले की रंग एखाद्या छटेने खाली येतो. फसवणूक झाली असं समजून घाबरू नका.

मला विचाराल तर वेळ असेल तेव्हा ट्रेच. नसेला त्रास कमी, ताबा तुमच्या हातात आणि ट्रे पुढेही उपयोगी पडतात. ज्यांना रात्री ट्रे लावून झोपच येत नाही किंवा ज्यांचं रोजचं नेम पाळणं अवघड आहे, त्यांनी खुर्चीवरचं करावं.

इंटरनेटवरून मागवलेल्या पट्ट्या आणि पेनांविषयी एकच सांगते: ज्यावर पेरॉक्साइड किती टक्के ते लिहिलेलं नाही, ते तोंडात घालू नका. युरोपीय संघात ६ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइडची अशी उत्पादनं विकायला बंदी आहे आणि ०.१ टक्क्याहून जास्त असलेली, ६ पर्यंतची, दंतवैद्यामार्फतच मिळतात.

सुरुवात करण्याआधी डॉक्टर दातांशेजारी नकली दातांची पट्टी धरून तुमची छटा ठरवतील. नेहमीच्या पट्टीत १६ छटा असतात. तो क्रमांक लिहून घ्या, खिडकीच्या उजेडात एक फोटोही काढा. दहा दिवसांनी "काही फरकच नाही" असं वाटायला लागतं, तेव्हा तो फोटो उपयोगी पडतो.

आणि हे आधी विचारून घ्या: पुढच्या दातांत कुठे सिमेंट भरलेलं आहे का, कॅप आहे का? त्यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. बाकीचे दात उजळले की तेच पिवळे उठून दिसतात. ते बदलायचे असतील तर ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबून बदलायचे, कारण दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे नवीन सिमेंट नीट चिकटत नाही आणि तोवर दातांचा रंगही स्थिरावलेला नसतो.

चौथी पायरी: प्रत्यक्ष ट्रे लावताना

सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून पोटॅशियम नायट्रेट असलेली, दात शिवशिवण्यावरची पेस्ट वापरायला लागा. तिचा परिणाम हळूहळू येतो.

रात्री जेवण झाल्यावर मऊ ब्रशने दात घासा, फटींतून दोरा फिरवा. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूच्या खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढंच जेल घाला. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. जास्त घातलं तर जास्त पांढरं होईल असं वाटतं, पण जास्तीचं जेल हिरडीवर येतं आणि हिरडी पोळते. ट्रे बसवून बाहेर आलेलं जेल लगेच कापसाने टिपून घ्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर ट्रे काढा, चूळ भरा, दात हलक्या हाताने घासा. हिरडी पांढरी पडली किंवा चुरचुरली तर त्या दिवसापुरतं थांबा, एक-दोन दिवसांत ती बरी होते.

दात शिवशिवणं हा बऱ्याच जणांना येणारा अनुभव आहे. गार हवा लागली तरी एखादी कळ विजेसारखी जाते. पेरॉक्साइड काही मिनिटांतच नसेपर्यंत पोचतं, म्हणून हे होतं, आणि बहुतेकांचं ब्लीचिंग थांबवल्यावर काही दिवसांत जातं. रोजऐवजी एक दिवसाआड लावा, वेळ कमी करा, ट्रेमध्ये अर्धा तास तीच शिवशिवण्यावरची पेस्ट लावून ठेवा. सोसायची गरज नाही. "लवकर व्हावं म्हणून दात ओठ खाऊन सहन केलं" असं सांगणाऱ्यांना मी रागावतेच. रात्री जाग येण्याइतका ठणका असेल, किंवा एकाच दातात सारखी कळ येत असेल, तर ट्रे बाजूला ठेवा आणि दाखवायला या.

खाण्यापिण्याचं काय? दवाखान्यातल्या ब्लीचिंगनंतर ४८ तास रंगीत खाऊ नका, असं आम्ही सांगतो, आणि मग लोकांसमोर प्रश्न पडतो की हळदीशिवाय मराठी घरात काय शिजतं. याचं उत्तर घरातच आहे: उपासाचं ताट. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, जिरं-मिरचीची बटाट्याची भाजी, दही, ताक, केळं, खोबरं, नारळपाणी. एकातही हळद नाही. त्याशिवाय दहीभात, इडली, घावन, पनीर. टाळायचं ते चहा, कॉफी, हळदीच्या भाज्या, बीट, डाळिंब, सोलकढी, तांबडा रस्सा, काळा मसाला. लिंबू-सरबत पांढरं दिसतं म्हणून चालेल असं समजू नका, त्या दोन दिवसांत लिंबासारखं तीव्र आंबट काहीच नको. माझ्याकडे येणाऱ्या एक काकू दोन्ही वेळा एकादशी गाठूनच आल्या, आणि मला ती युक्ती इतकी आवडली की तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते.

आता त्या मूळ भीतीविषयी. ब्लीचिंगने एनॅमल खराब होतं का? प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवर केलेल्या अभ्यासांत काही वेळा पृष्ठभागाचा कठीणपणा किंचित कमी झालेला आणि तो थोडा खरबरीत झालेला दिसतो. जेल जितकं तीव्र आणि आम्लयुक्त, तितकं हे जास्त. तोंडात मात्र लाळ असते, फ्लोराइड असतं, आणि नीट बनवलेल्या जेलने, ठरलेल्या काळापुरतं केलं तर तो बदल बहुतेक भरून निघतो. लिंबाने किंवा कोळशाने गेलेलं एनॅमल भरून निघत नाही. धोका आहे तो वारंवारतेत. दर महिन्याला, दर कार्यक्रमाआधी, मैत्रिणीकडून उरलेली जेलची सिरिंज आणून ब्लीचिंग करणाऱ्यांचे दात मी पाहिलेत. ते पांढरे नसतात, निळसर-करडे आणि आरपार दिसणारे असतात, आणि त्यांना आइसक्रीम खाता येत नाही.

घरगुती उपायांविषयी, थोडक्यात

लिंबू, संत्र्याची साल, व्हिनेगर: नको, कारण वर सांगितलं. कोळशाची पूड आणि राखुंडी: वरचा डाग घासून काढतात आणि त्याबरोबर एनॅमलही घासतात, बारीक काळे कण सिमेंटच्या कडेला अडकतात ते वेगळंच. माझ्या आजीने आयुष्यभर राखुंडी वापरली, आणि तिच्या दातांवर हिरडीजवळ नखाने चाचपता येईल अशा खाचा होत्या. नुसता खाण्याचा सोडा तसा सौम्य असतो, पण त्यात फ्लोराइड नसतं आणि त्याने आतला रंग बदलत नाही. तेलाच्या गुळण्यांनी नुकसान नाही, पण दात पांढरे होण्याची आशा ठेवू नका. "व्हाइटनिंग" पेस्ट फक्त वरचे डाग काढतात. काहींत निळसर रंगद्रव्य असतं, त्याने दात घासल्यावर काही तास पिवळेपणा झाकला जातो इतकंच.

तीन महिने कसे मोजायचे

लग्नाची तारीख लिहा आणि उलटं मोजा. शेवटचे दोन आठवडे मोकळे, दातांना काहीही करायचं नाही. त्याआधीचे दोन आठवडे सिमेंट किंवा कॅप बदलण्यासाठी. त्याआधी दोन आठवडे नुसते थांबायचे. त्याआधी दोन ते तीन आठवडे ट्रे. त्याआधी शिवशिवण्यावरची पेस्ट, त्याच सुमारास माप आणि किडीचे उपचार. सगळ्यात आधी तपासणी आणि सफाई. बेरीज केली की बारा आठवडे होतात. हळद अंगाला लागेल तेव्हा दात केव्हाच स्थिरावलेले असतील.

पुढे टिकवताना

रंग कायमचा राहत नाही. कुणाचा वर्षभर, कुणाचा दोन-तीन वर्षं. चहा सोडा असं मी पुण्यात कुणाला सांगणार नाही. एकच करा, चहा प्यायचा तर बसून पिऊन संपवा, थर्मासमधून तासाभरात घोट घोट नको, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. उसाचा रस लिंबू पिळून, लिंबू-सरबत, कोल्ड्रिंक घेतलं की लगेच ब्रश करू नका. अर्धा तास जाऊ द्या, लाळेला काम करू द्या. सकाळी उठल्यावर लिंबू-मध-पाणी पिणाऱ्यांची संख्या पर्वतीवर आणि तळजाईला रोज फिरायला येणाऱ्यांत मोठी आहे. त्यांनी ते सावकाश घोळवत पिऊ नये, स्ट्रॉने प्यावं आणि दात त्याआधी घासावेत.

ब्रश मऊ घ्या. केस तीन आठवड्यांत फाकत असतील तर जोर जास्त लागतोय. पेस्ट फ्लोराइडची, १००० पीपीएम किंवा अधिक. रात्री घासल्यावर फेस थुंकून टाका, पण खळखळून चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या.

लिंबू-सोड्याच्या त्या मुलीचं मी ब्लीचिंग केलं नाही. फ्लोराइड वार्निश लावलं, आंबट बंद केलं, आणि महिनाभराने झिजलेल्या दोन दातांच्या कडांना तिच्या स्वतःच्या दातांच्या रंगाचं सिमेंट लावून आकार दिला. लग्नाचे फोटो दाखवायला ती आली तेव्हा गार पाणी पीत होती.

ट्रे नीट ठेवलेत तर पुढच्या वर्षी रंग उतरल्यावर एक-दोन रात्री लावून भागतं, नवे बनवावे लागत नाहीत. ते गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने त्यांचा आकार बिघडतो. कोरडे करून डबीत ठेवा, आणि सहा महिन्यांनी तपासणीला याल तेव्हा ती डबी सोबत आणा.